साहित्याचा वर्ग सोपा करू नका

नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत आले आणि नाशिकमध्ये एक जुनं भांडण पुन्हा सुरू झालं. मुख्य विषयाला ‘स्पेशल’ म्हणायचे, ते जाऊन ‘मेजर’ आलं. तीन वर्षांत १२० क्रेडिट मिळवून पदवी घ्या, नाहीतर चौथं वर्ष करून १६० क्रेडिटची ऑनर्स घ्या, अशी सोय झाली. आता या क्रेडिटची विषयवार वाटणी करायला बसलं की कुणी ना कुणी विचारतंच: मराठी किंवा इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलांना शेवटच्या वर्षापर्यंत कविता, कादंबऱ्या आणि समीक्षेचे सिद्धान्त कशाला शिकवायचे? मराठी काय, घरीही वाचता येतं. त्यापेक्षा कंटेंट रायटिंग शिकवा, जाहिरातलेखन शिकवा, सूत्रसंचालन शिकवा, मुलाखतीला कसं बसायचं ते शिकवा. यावर साहित्यप्रेमी मंडळी उसळून उठतात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आणि कुसुमाग्रजांच्या गावात साहित्याच्या तासांना कात्री? साहित्याने मन घडतं, संस्कार होतात, हे विसरलात का? दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत. पण वाद इतका ढिसाळ चालला आहे की त्यातून निघणारा कुठलाही निर्णय विद्यार्थ्यांच्या मुळावर येईल, अशी मला भीती वाटते.

मी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात साहित्य शिकवते. म्हणजे या प्रश्नात माझा हितसंबंध आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं म्हणणं असं की पदवीच्या वरच्या वर्षांत साहित्याचा अभ्यास राहिलाच पाहिजे, पण त्याचं समर्थन भाषेच्या अभिमानावर, संस्कारांवर किंवा नोकरीच्या आमिषावर उभं करू नये. गणित किंवा सांख्यिकी ही जशी विचारांची एक शिस्त आहे, तशीच काटेकोर वाचन हीही आहे. आणि शिस्त म्हणून ती टिकवायची असेल, तर साहित्याचा वरचा वर्ग आज आहे त्याहून अवघड केला पाहिजे. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांना साहित्य पातळ करूनच द्यावं लागतं, हे वादातल्या दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य करून टाकलं आहे. एक बाजू म्हणते, पातळच आहे तर काढून टाका. दुसरी म्हणते, पातळ का होईना, असू द्या. ते पातळ का झालं, हे कुणी विचारत नाही.

विरोधकांचं म्हणणं मात्र झटकून टाकण्यासारखं नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, दिंडोरीकडून एसटीच्या पासवर रोज ये-जा करणारी मुलगी माझ्यासमोर बसलेली असते. घरी बागेचं कर्ज असतं, नाहीतर कांद्याने दगा दिलेला असतो. आयटीआय केलेला भाऊ अंबडच्या कारखान्यात लागून महिन्याचा पगार घरी आणत असतो. या मुलीने टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, ‘साहित्यविचार’ का शिकावा, असं तिच्या वडिलांनी विचारलं तर त्यांना अडाणी ठरवण्याचा अधिकार मला नाही. दुसरा मुद्दा याहून टोकदार आहे. खुद्द जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात खेड्यातल्या शाळांत मोडी-बाळबोध वाचन आणि हिशेबाबरोबर शेती आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान द्यावं, असं सांगितलं होतं. उच्च शिक्षणावरचा सरकारी खर्च वरच्या वर्गाच्याच पदरात पडतो, हेही बजावलं होतं. तिसरा मुद्दा तर नाशिकचाच आहे. विहितगावचे बाबुराव बागूल आणि सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, ही दोन नावं वगळून या जिल्ह्याच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिताच येत नाही. यांपैकी कुणीही विद्यापीठाच्या साहित्याच्या वर्गात बसलेलं नव्हतं. वामनदादांना तर अक्षरओळखच मोठेपणी, मुंबईत झाली. मग वर्ग हवा कशाला?

या प्रश्नांना उत्तर देण्याआधी आपल्याच बाजूचं एक लंगडं समर्थन बाजूला काढायला हवं, ते म्हणजे संस्काराचं. साहित्य शिकल्याने माणूस सुसंस्कृत आणि सुस्वभावी होतो, हा युक्तिवाद आपल्याला अस्सल देशी वाटतो. पण कॉलेजात साहित्य शिकवण्याच्या संदर्भात तो नेमका इंग्रजी राजवटीचा युक्तिवाद आहे. इथे इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारं मेकॉलेचं टिपण १८३५ चं. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र ऑनर्स अभ्यासक्रम सुरू झाला तो १८९४ साली आणि केंब्रिजमध्ये १९१७ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून हिंदुस्थानातल्या कॉलेजांत पोरं शेक्सपिअर आणि मिल्टन घोकत होती. साहेबाच्या साहित्याने नेटिवाचं शील सुधारेल, तो राज्याशी एकनिष्ठ राहील, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. तो सफल झाला का? एचपीटी कॉलेजातून बी.ए. झालेल्या वि. वा. शिरवाडकरांनी लिअर राजाची कहाणी घेतली आणि १९७० साली रंगभूमीवर एक म्हातारा मराठी नट उभा केला. राजाचं राज्य गेलं, त्याच्या जागी निवृत्त नटाने मुलांमध्ये वाटून टाकलेली मिळकत आली. मूळ नाटक आज्ञाधारकपणे स्वीकारणाऱ्याला हे सुचत नाही. ते नाटक कशावर उभं आहे, त्यातलं काय हलवलं तर चालेल आणि काय हलवलं तर सगळं कोसळेल, हे ज्याने पारखलं आहे त्यालाच ते जमतं. साहित्याच्या अभ्यासाचं समर्थन करायचं तर या पारखीचं करा. संस्कार करायला घर आहे, समाज आहे.

आता ‘मराठी काय, घरी वाचता येतं’ हा मुद्दा. तो दीडशे वर्षांहून जुना आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून देशी भाषा बाहेर काढल्या गेल्या. संस्कृतसारख्या अभिजात भाषा शिका, मराठीत अभ्यास करण्याजोगं आहे काय, असा सूर होता. न्यायमूर्ती रानड्यांनी याविरुद्ध आयुष्याच्या अखेरीपर्यंत झुंज दिली. त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. त्यांनी मायबोलीच्या नावाने गहिवर काढला नाही. मराठीत कोणत्या प्रकारचं वाङ्मय किती आणि कसं वाढलं, याचा आढावा घेणारं टिपण त्यांनी १८९८ साली लिहून पुढे ठेवलं. अभिजात दर्जाचे फलक लावणाऱ्या आपण सगळ्यांनी त्यातून शिकावं असं पुष्कळ आहे. तेव्हा म्हणत, मराठीत वाङ्मय नाही. आज म्हणतात, मराठीत नोकरी नाही. कारण बदललं, निष्कर्ष तोच राहिला.

पण घरी जे होत नाही ते वर्गात नेमकं काय होतं? एकच उदाहरण घेते, तेही ज्याला अवघड कुणी म्हणणार नाही असं. कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता नाशिकमध्ये लहान मुलालाही माहीत असते: पुरात घर गेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो आणि बोलतो, ती. २७ फेब्रुवारीला ती शाळाशाळांत म्हटली जाते, शेवटच्या ‘लढ’ला टाळ्या पडतात, आणि ‘प्रेरणादायी कविता’ म्हणून विषय संपतो. गोदावरीच्या पुराचं कुणाला वर्णन करून सांगायची इथे गरज नाही. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, यावर आपण पूर मोजतो. टीवायच्या वर्गात मी एवढंच विचारते, की सरांचा हात खिशाकडे का जातो? ‘दया आली म्हणून,’ हे पहिलं उत्तर. कशावरून? मग मुलं कविता पुन्हा वाचतात. एखाद्या मुलीच्या लक्षात येतं, की नदी या कवितेत माहेरवाशीण होऊन आली आहे. माहेरवाशिणीला रित्या हाताने पाठवायचं नाही ही आपल्या घरांतली रीत, आणि नदी त्या रीतीचा हक्क बजावून घरातलं होतं नव्हतं घेऊन गेली आहे. आता सरांच्या दारात तिचा बळी आला आहे, आणि सर तीच रीत पाळायला निघाले आहेत: आलेल्याला रित्या हाताने जाऊ द्यायचं नाही. ती रीत विद्यार्थी हसत मोडतो. खिशाकडे गेलेला हात तो पाठीवर मागून घेतो. नदीचा रिता नसलेला हात, सरांचा खिशाकडचा हात आणि पाठीवरचा हात. कविता या तीन हातांवर तोललेली आहे. ‘लढ’ हा शब्द एवढा घुमतो, कारण त्याच्याआधी देण्याघेण्याचा एक अख्खा हिशेब मांडून नाकारलेला आहे.

वर्ग तिथे थांबत नाही. कुणीतरी हात वर करून म्हणतं, ‘मॅडम, बायको वाचली हे पण नदीने काय नेलं, काय ठेवलं याच यादीत टाकलंय. ती काय सामान आहे?’ आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर भावनेने देता येत नाही, पुढच्या ओळींतूनच द्यावं लागतं: पुढे ती कारभारीण म्हणून येते आणि नवऱ्याबरोबर चिखल उपसते. मग यादीतली ‘वाचलेली’ बायको आणि कामाला लागलेली कारभारीण यांच्यामध्ये कवितेत काय घडलं? आणि हे सगळं तोच एकटा सांगतो आहे, तिचा आवाज कुठेच नाही, याचं काय? यावर वर्गात दोन तट पडतात, आणि प्रत्येक तटाला आपली बाजू ओळींवर बोट ठेवून मांडावी लागते. मला जे काही शिकवायचं असतं ते या ‘कशावरून’मध्ये आहे. आवडलं-नावडलं याच्या पलीकडे जाऊन आपल्या मताला पुरावा शोधायचा, पुरावा विरोधात गेला तर मत सोडायचं, आणि समोरच्याचं वाचन आपल्यापेक्षा सरस असेल तर ते मान्य करायचं. घरी एकट्याने वाचताना ‘कशावरून’ विचारायला कुणी नसतं.

आज बहुतेक ठिकाणी असं शिकवलं जात नाही, हे मला मान्यच केलं पाहिजे. परीक्षेच्या आठवड्यात कुठल्याही कॉलेजच्या बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघा. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ नावाची पानं तिथे गठ्ठ्याने विकली जातात. मी एकदा एक संच चाळला. एका कवीच्या काव्याची वैशिष्ट्यं दिली होती: निसर्गप्रेम, मानवतावाद, सामाजिक जाणीव, सोपी भाषा, प्रतिमांचा वापर. पान उलटलं तर पुढच्या कवीची वैशिष्ट्यंही तीच, फक्त क्रम बदललेला. हे पाठ करून मुलं पास होतात, चांगल्या गुणांनी होतात, आणि मूळ कवितासंग्रह त्यांनी उघडलेलाही नसतो. साहित्याचा अभ्यास निरुपयोगी आहे असं जे म्हणतात, त्यांनी हाच अभ्यास पाहिलेला आहे. याला ते निरुपयोगी म्हणत असतील तर त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण यावर उपाय म्हणून जे सुचवलं जातं ते काय आहे? आकर्षक मजकूर कसा लिहावा, निवेदनाची सुरुवात कशी करावी, याचे साचे. एक साचा काढून दुसरा बसवायचा. आणि हे दुसरे साचे तर आता मोबाइलवरचं यंत्र फुकटात, क्षणात भरून देतं. ज्या कौशल्यांच्या नावाने साहित्याचे तास कापायचे, ती कौशल्यंच सगळ्यात आधी यंत्राच्या हाती गेली आहेत, हे रोजगाराचा विचार करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही का? यंत्राने लिहून दिलेला गुळगुळीत परिच्छेद समोर आल्यावर त्यात काय गाळलं आहे, काय ठोकून दिलं आहे, कोण बोलतं आहे आणि कुणाच्या सोयीने, हे पाहणारा माणूस मात्र लागणारच. तो तयार करायला वेळ लागतो, आणि त्याला साचा नसतो.

साहित्याची पदवी घेतली की नोकरी मिळते, असं मी कुणाला सांगत नाही आणि कुणी सांगू नये. बी.एड., बँक, स्पर्धा परीक्षा, दुकान, शेती, माझे विद्यार्थी सगळीकडे जातात. साध्या पदवीवर नोकरीची हमी द्यायची तर ती इतिहासाला देता येत नाही, रसायनशास्त्रालाही नाही. मग हा जाब एकट्या साहित्याला का?

फुल्यांकडे परत येते, कारण त्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. त्यांनी शेती आणि आरोग्य मागितलं ते प्राथमिक शाळेसाठी, ज्या मुलांना काहीच मिळत नव्हतं त्यांच्यासाठी. बहुजनांच्या मुलांनी तेवढ्यावरच थांबावं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ते स्वतः काय करत होते? १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात कुणबी नवरा-बायकोला जोशी गोड बोलून कसा नाडतो, हे संवादांतून एकेक पायरी उलगडून दाखवलं आहे. बोलण्यात माणूस कसा अडकतो, हे दाखवायला त्यांनी नाटकच निवडलं. पुढे १८८५ साली मराठी लेखकांच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं. तुमच्या ग्रंथांत आमचं जगणं येत नाही, असं त्या पत्राचं सार आहे. हा नकार एका कसलेल्या वाचकाचा आहे. ग्रंथांत काय आहे ते जाणल्याशिवाय काय नाही हे सांगता येत नाही. सूत्रसंचालनाच्या कोर्समधून असा नकार देणारा विद्यार्थी निघेल का?

बागुलांचंही तेच. साहित्याचे वर्ग लेखक घडवण्यासाठी नसतातच. लेखक कारखान्यात, झोपडपट्टीत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कुठेही घडतो. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा बागुलांचा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेत जात लपवणारा आणि न लपवणारा असे दोन कामगार एकमेकांसमोर उभे आहेत, आणि कथा निवेदकाच्या म्हणजे लपवणाऱ्याच्या तोंडून सांगितलेली आहे. हे असं का, असं विचारल्यावर कथेचा पोत हळूहळू दिसू लागतो. तो पाहायला मराठी समीक्षेला नवी नजर कमवावी लागली. दलित साहित्य म्हणजे काय, यावर खुद्द बागुलांनी सैद्धान्तिक लेखन केलं. ज्या ‘अवघड समीक्षे’ला आपण कंटाळवाणी म्हणून काढायला निघालो आहोत, तिची त्यांना गरज वाटली होती. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत दलित साहित्य आलं ते आपसूक आलं नाही. वाचून, भांडून, पुराव्यानिशी मांडणाऱ्यांनी ते आणलं. वरच्या वर्गातलं वाचन बंद पडलं तर अभिजनांच्या साहित्याचं काही बिघडत नाही, ते समारंभांतून आणि फलकांवरून मिरवत राहील. त्याला प्रश्न विचारणारी पिढी तेवढी तयार होणार नाही.

म्हणूनच ‘ग्रामीण मुलांना झेपत नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं आहेत, आई-वडील नाटकांवर वाद घालतात, त्यांना कॉलेजात काटेकोर वाचन नाही मिळालं तरी ते कुठेतरी मिळेल. सुरगाण्याच्या मुलीला ते मिळण्याची जागा एकच आहे, माझा वर्ग. तिथेही तिला पातळ केलेलं द्यायचं? शिवाय ती रित्या हाताने येत नाही. तिच्या पाड्यावर डोंगऱ्या देवाची गाणी रात्र रात्र चालतात, तिची आजी कोकणा बोलीत कथा सांगते. बागलाण-कळवणच्या मुलांकडे अहिराणीतल्या ओव्या आणि म्हणी आहेत. चौथ्या वर्षाच्या ऑनर्समध्ये संशोधन करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. तेवढे गुण पाठांतरावर मिळवून ती मुलगी संशोधनाला बसली, तर ती पुन्हा छापील पुस्तकातलीच वैशिष्ट्यं उतरवून काढेल. तिला वाचायला शिकवलं, तर आजीच्या कथेत सांगणारी कुठे थांबते, कुणाला बोलायला लावते, ऐकणाऱ्यांनुसार काय बदलते, हे ती टिपू शकेल. नाशिक शहरातल्या कुठल्याही प्राध्यापकाला जे करता येणार नाही ते काम ती करेल. तिच्यासाठी हा विषय अवघड ठेवायचा, तो यासाठी.

अवघड म्हणजे बोजड नव्हे, हे सांगायला हवं, कारण बोजडपणाची आपल्याकडे कमतरता नाही. पाश्चात्त्य समीक्षकांची नावं आणि ‘वादां’च्या व्याख्या घोकणं हे अवघड नाही, नुसतं कष्टाचं आहे. एका सत्रात आठ पुस्तकांचे सारांश पाठ करण्याऐवजी एक पुस्तक पूर्ण, पुन्हा पुन्हा वाचणं अवघड आहे. पुस्तक समोर ठेवून परीक्षा घेणं अवघड आहे, कारण तिथे प्रश्नसंच कामाला येत नाही. विद्यार्थ्याला पाच मिनिटं समोर बसवून त्याच्याच उत्तरावर ‘कशावरून’ विचारणं अवघड आहे, त्याच्यासाठी आणि शिक्षकासाठीही.

आणि इथेच या वादातली सगळ्यात मोठी पळवाट उघडी पडते. असं शिकवायला शिक्षक लागतो, तोही तासाच्या हिशेबावर एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावणारा नको. आज साहित्याचे किती तरी तास सीएचबीवर, म्हणजे अशा तासिका तत्त्वावर चालतात. ज्याला तासामागे पैसे मिळतात, सुट्टीत मिळत नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील का याची खात्री नाही, त्याने पन्नास मुलांचे निबंध तपासून, प्रत्येकाशी बोलून, पुन्हा लिहायला लावावं, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? जागा भरायच्या नाहीत, ग्रंथालयात नवी पुस्तकं घ्यायची नाहीत, शिकवणं घसरलं की विषयच निरुपयोगी ठरवायचा आणि त्याच्या जागी कमी खर्चाचा कोर्स आणायचा, हा क्रम आपण ओळखला पाहिजे. अभ्यास मंडळांवर बसलेल्यांनी साहित्याचं एकही क्रेडिट कमी करण्याआधी आपापल्या कॉलेजात मराठीच्या आणि इंग्रजीच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि किती वर्षांपासून रिकाम्या, हा तक्ता सभेपुढे ठेवावा. अभिमानाचे ठराव करणाऱ्यांनीही तोच तक्ता मागावा. चर्चा त्याच्यावर होऊ द्या.